तालुक्याचा नकाशा ताणून खंडाचा होत नाही

तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमांवरून सांगोला तालुक्याचा भूआच्छादन नकाशा केलात, म्हणजे कुठं पीक, कुठं गवत, कुठं पाणी ते दाखवणारा. सात वर्ग घेतले, वर्ग ओळखायला रँडम फॉरेस्ट हा अल्गोरिदम चालवला, अचूकता ९२ टक्के आली. आता आफ्रिका खंडाचा दहा मीटरचा नकाशा करणाऱ्या एका गटात तुम्हाला काम मिळतंय आणि तुम्ही विचारताय: पद्धत हीच ठेवून फक्त मोठी यंत्रणा वापरायची का, अल्गोरिदम कोणता घ्यावा, नमुने किती लागतील, आणि असल्या नकाशावर विश्वास ठेवावा का?

मी सव्वीस वर्षं हेच काम करतोय, त्यातली निम्मी सोलापुरात बसून. यंत्रणेची आणि अल्गोरिदमची चिंता सगळ्यात शेवटी करा. कशाला काय म्हणायचं हे तुम्ही कसं ठरवलंत आणि ते ठरवताना त्या जमिनीत राबणाऱ्या माणसाचं ऐकलंत का, यावर खंडाचा नकाशा तरतो किंवा बुडतो.

पण पहिल्यांदा तुमच्या ९२ टक्क्यांकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की शेतांच्या हद्दी आखून पॉलिगॉन काढले आणि त्यांतल्या पिक्सेलपैकी, म्हणजे प्रतिमेतल्या एकेका चौकोनापैकी, ७० टक्के यंत्राला शिकवायला, ३० टक्के तपासायला ठेवले. घोळ इथंच आहे. एकाच बागेतले दोन पिक्सेल सख्ख्या भावांसारखे असतात. माती तीच, लागवड तीच, पाण्याची पाळी तीच. एकाला शिकवलं आणि दुसऱ्याला विचारलं, तर उत्तर बरोबर येणारच. पेपर आधी फोडून घेतलेल्या परीक्षेतले हे गुण आहेत. तुमचा नकाशा वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो किती चांगला आहे हे तुम्हाला अजून कळलेलं नाही, एवढंच. एक करून बघा: तालुक्यातली काही गावं शिकवणीला द्या आणि पूर्ण वेगळी गावं तपासणीला ठेवा. आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली आला तर निराश होऊ नका, मी हे कित्येकदा पाहिलंय. खंडावर काम करताना हीच चूक गावांऐवजी देशांच्या पातळीवर होते. केनियात शिकवलेलं मॉडेल केनियातच तपासायचं आणि तेच मोझांबिकवर पसरवायचं, असं चालत नाही.

आकाराचं गणित एकदा मांडून टाकू. सोलापूर जिल्हा साधारण १५ हजार चौरस किलोमीटर. दहा मीटरच्या पिक्सेलने एका चौरस किलोमीटरला दहा हजार पिक्सेल होतात, म्हणजे जिल्ह्याला १५ कोटी. आफ्रिका सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे दोन हजार सोलापूर जिल्हे, म्हणजे ३० हजार कोटी पिक्सेल. सेंटिनेल-२ च्या दोन उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी त्याच जागेवर येते, तेव्हा वर्षभराच्या प्रतिमांची संख्या दोन लाखांच्या पुढे जाते. युरोपीय अंतराळ संस्थेने २०१७ साली आफ्रिकेचा २० मीटरचा प्राथमिक नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा एकट्या सेंटिनेल-२ए च्या सुमारे १ लाख ८० हजार प्रतिमा त्यात वापरल्या होत्या. आकडे घाबरवणारे वाटतात, पण आज हा भाग सोपा आहे. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांचा संग्रह २००८ साली सगळ्यांना फुकट खुला झाला, २०१५ पासून सेंटिनेल-२ आलं, आणि गूगल अर्थ इंजिनसारख्या सोयींमुळे प्रतिमा उतरवून घ्यायचीही गरज उरली नाही. मी काम सुरू केलं तेव्हा एका दृश्याची टेप हैदराबादहून यायची आणि ती वाचायला दिवस जायचा. आज होटगी रोडवरच्या एका खोलीतून तुम्ही खंड चाळू शकता. अडचण आता दुसरीकडेच आहे.

सांगोल्याचंच उदाहरण घेतो, कारण ते तुम्हाला पाठ आहे. काही वर्षांपूर्वी एका कामासाठी मी तपासणीचे बिंदू घेऊन तिकडे फिरत होतो. एका बिंदूवर नकाशा सांगत होता 'उघडी जमीन'. तिथं पोचलो तर समोर चार एकर डाळिंब. झाडं उभी, फांद्या स्वच्छ, पण पान एक नाही. खाली मुरूम तापलेला. मी मालकाला विचारलं, बाग वाळली का? ते म्हणाले, "वाळली कशानं साहेब, ताणावर आहे. पाणी तोडून महिना झाला, परवा इथरेल मारलं, पानगळ केली. आता छाटणी करून पाणी सोडलं की पंधरा दिवसांत बघा." आणि खरंच, नंतरच्या प्रतिमांत त्याच पिक्सेलचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाई मोजणारा निर्देशांक, सरसर चढलेला दिसला. लागवड चौदा बाय दहा फुटांवर होती. म्हणजे दहा मीटरच्या एका पिक्सेलमध्ये सात-आठ झाडं, आणि बाग तरुण असेल तर पिक्सेलचा मोठा भाग मुरूमच. त्यात बहार (फळाचा हंगाम) कोणता धरलाय यावर बाग कुठल्या महिन्यात उघडी दिसेल ते ठरतं. मृग बहाराची बाग आणि शेजारची हस्त बहाराची बाग एकाच दिवशीच्या प्रतिमेत दोन वेगळ्या वर्गांत जाऊन बसतात.

ही झाली यंत्राची फसगत. जास्त प्रतिमा घेऊन ती सुटते. त्यापुढचा प्रश्न मात्र प्रतिमांनी सुटत नाही: डाळिंबाला म्हणायचं काय? युरोपीय अंतराळ संस्थेच्या 'वर्ल्डकव्हर' या दहा मीटरच्या जागतिक नकाशात 'पीकजमीन' म्हणजे हंगामी पीक, पेरणीपासून बारा महिन्यांत काढणीला येणारं. बारमाही फळबागा त्यांच्या उंचीप्रमाणे 'वृक्ष' किंवा 'झुडूप' या वर्गात टाकायच्या, असा त्यांचा नियमच आहे. त्या नियमाप्रमाणे सांगोल्याचं डाळिंब झुडूप ठरतं आणि द्राक्षबागाही शेतीतून बाहेर पडतात. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, त्याचं काय करायचं हेही बसून ठरवावं लागतं. नकाशा इथं चुकलेला नाही, तो आपली व्याख्या पाळतोय. पण तो उघडून 'सोलापुरात शेती घटली, झुडपं वाढली' असं कुणी लिहिलं तर चूक लिहिणाऱ्याची. डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथंच केगावला आहे. आणि नकाशात ते सगळं झुडूप.

म्हणून आच्छादन आणि वापर यांतला फरक पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्का ठेवा. उपग्रहाला आच्छादन दिसतं: पान, माती, पाणी, छप्पर. वापर माणसाच्या कागदात असतो. 'गायरान' हा सातबाऱ्यावरचा शब्द आहे, गवताचा रंग बघून तो कळत नाही. 'पडीक' म्हणजे यंदा पेरलं नाही की तीस वर्षांत कुणी नांगर घातला नाही, हे एका वर्षाच्या प्रतिमांतून सांगता येत नाही. तुमच्या सात वर्गांत 'पडीक' आणि 'गवत' असे दोन वर्ग आहेत. त्यांतला एक वापराचा, दुसरा आच्छादनाचा. एकाच यादीत ते शेजारी बसले की यंत्र गोंधळतं, आणि तो गोंधळ रास्त आहे.

उजनीचं उदाहरण याहून बोलकं आहे. करमाळ्याच्या बाजूला यशवंतसागराचं, म्हणजे उजनी धरणाच्या जलाशयाचं, पाणी उतरायला लागलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात. गाळपेर म्हणतात त्याला. ऑक्टोबरच्या प्रतिमेत जिथं अथांग पाणी, तिथं मार्चमध्ये हिरवं पीक आणि मे महिन्यात भेगाळलेला गाळ. त्यात जलपर्णी पसरली असेल तर पाणीसुद्धा पिकासारखं दिसतं. या जागेचा वर्ग काय? पाणी, पीक, की उघडी जमीन? तिन्ही उत्तरं खरी आहेत. कुठल्या तारखेला, आणि वर्षातले किती महिने त्या स्थितीत असेल तर काय म्हणायचं, हे आधी लिहून ठेवावं लागतं. आफ्रिकेत अशी जागा जिल्ह्यात एखादी नसते. मालीत नायजर नदीचा आतला त्रिभुज प्रदेश, बोट्स्वानात ओकावांगो, दक्षिण सुदानातलं सद्द, हे सगळे हजारो चौरस किलोमीटरचे प्रदेश दरवर्षी पाण्याखाली जातात आणि बाहेर येतात. गाळपेर समजलेला माणूस तिथं चटकन रुळेल.

व्याख्येवर मी इतका अडून का बसतो, याचं कारण या नकाशांवरून माणसांचे निर्णय होतात. कोको पिकवण्यात आयव्हरी कोस्ट जगात पहिला. तिथला कोको काही ठिकाणी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतो, आणि वरून बघितलं तर ते जंगलच दिसतं. युरोपीय संघाने २०२३ साली कायदा केला, की ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा कोको, कॉफी, रबर, पामतेल युरोपच्या बाजारात चालणार नाही. आता एखाद्याची तीस वर्षं जुनी कोकोची बाग २०२० च्या नकाशात 'जंगल' म्हणून रंगली आणि त्याने नंतर म्हातारी झाडं काढून नवी लावली, तर कागदावर तो जंगल तोडणारा ठरू शकतो. दोन एकरांचा मालक हा वाद कुठं आणि कसा घालणार? पिक्सेलला नाव देताना हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर असतो, तुमच्याही असावा.

आणि माळरान. यावर मला थोडं जास्त लिहायचंय. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ साली घोषित झालेलं. तिथं पावसाळ्यानंतर गेलात तर पवन्या, मारवेल, कुसळीचं गवत गुडघ्याइतकं असतं. काळवीट, लांडगा, धाविक दिसतात. माळढोक पक्षी मात्र आता जवळपास दिसेनासा झालाय. मे महिन्यात त्याच जागेची प्रतिमा घेतली तर ती उघडी, खडकाळ, 'निकामी' जमीन दिसते. वर्षानुवर्षं अशा माळांवर 'पडीक' हाच शिक्का बसत आला. पडीक म्हटलं की त्यावर काहीतरी केलंच पाहिजे, अशी भावना होते. मग खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावायचा, नाहीतर दुसरा काही प्रकल्प आणायचा. गवताळ प्रदेश ही स्वतः एक पूर्ण, जुनी, जिवंत परिसंस्था आहे, हे त्या शिक्क्याखाली झाकलं जातं. आफ्रिकेत सॅव्हाना, म्हणजे तुरळक झाडांचं गवताळ रान, केवढी पसरली आहे! तिथल्या देशांनी २०३० पर्यंत दहा कोटी हेक्टर जमीन पुन्हा सावरण्याचा एएफआर१०० हा संकल्प केलाय, आणि त्यात नैसर्गिक गवताळ जमिनीवर झाडं लावली जातील ही भीती अभ्यासक मांडत आलेत. कुठला माळ नैसर्गिक आणि कुठला ऱ्हास झालेला, हे तुमचा नकाशा सांगू शकणार नाही. पण 'गवत' हा वर्ग तो प्रामाणिकपणे दाखवू शकतो. सगळं कोरडं ते 'उघडी जमीन' असं झालं, तर ते नुकसान तुमच्या हातून झालेलं असेल.

यावर उपाय म्हणजे वर्षाचा पूर्ण हंगाम वाचणं. आपल्याकडे रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ऑगस्टमध्ये काही नसतं. जमीन मोकळी ठेवून ओल धरायची असते. जो माणूस महाराष्ट्र म्हणजे खरीप असं धरून जून ते सप्टेंबरच्या प्रतिमा घेईल, तो मंगळवेढ्याचं ज्वारीचं कोठार उजाड दाखवेल. शिवाय ती माती इतकी गडद, की ओली असताना तिची सावली किंवा पाणी म्हणून गल्लत होते. ज्वारीची हिरवाई डिसेंबर-जानेवारीत शिगेला जाते, ऊस बाराही महिने हिरवा, माळ ऑक्टोबरनंतर झपाट्याने पिवळा. हे तीन आलेख एकमेकांवर ठेवलेत की वर्ग आपोआप सुटे होतात. एक प्रतिमा बघून ते होत नाही.

आता हेच आफ्रिकेत न्या. सहाराच्या दक्षिणेच्या सहेल पट्ट्यात पाऊस जून ते सप्टेंबर, झांबिया-झिम्बाब्वेकडे नोव्हेंबर ते एप्रिल, आणि केनियाच्या बऱ्याच भागात वर्षाला दोन पावसाळे. जानेवारी ते डिसेंबर अशी सरसकट सरासरी काढलीत तर दक्षिणेकडचा हंगाम मधोमध चिरला जाईल. महिन्यांच्या नावाने कॉम्पोझिट, म्हणजे अनेक प्रतिमांची मिळून एक प्रतिमा, करू नका. त्या-त्या पिक्सेलचं वर्षभरातलं सगळ्यात हिरवं, सगळ्यात कोरडं आणि मधलं मूल्य घ्या, हिरवाई कधी चढली आणि किती दिवस टिकली ते घ्या. मग झांबिया आणि सोलापूर एकाच भाषेत बोलायला लागतात. काँगो खोऱ्यात वर्षभर ढग असतात, तिथं सेंटिनेल-१ च्या रडारशिवाय भागत नाही. पश्चिम आफ्रिकेत हिवाळ्यात सहाराची धूळ घेऊन हरमाटन वारा येतो आणि सगळ्या प्रतिमांवर पिवळट पडदा धरतो. ढग वगळणारा मास्क तो पकडतोच असं नाही. सॅव्हानात दरवर्षी वणवे लागतात, आणि जळलेलं काळं रान यंत्राला पाण्यासारखं वाटू शकतं, अगदी आपल्या ओल्या काळ्या मातीसारखंच.

नायजरमध्ये मी एकदा तीन आठवडे होतो, ऑगस्टमध्ये. बाजरीची हिरवीगार शेतं आणि त्यांत मधेमधे मोठाली निष्पर्ण झाडं. मला वाटलं, वाळलीत. सोबतचा शेतकरी हसला. त्या झाडाला हौसा भाषेत 'गाओ' म्हणतात, शास्त्रीय नाव फेडर्बिया आल्बिडा. ते भर पावसात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं होतं, म्हणून पिकाला त्याची सावली लागत नाही आणि पाल्याचं खत मिळतं. शेतकरी ते मुद्दाम राखतो. प्रतिमेत मात्र त्या रानाचा आलेख सगळ्या नियमांच्या उलटा: उन्हाळ्यात हिरवळ, म्हणजे यंत्राच्या मते सदाहरित झाडी. शेताचं जंगल व्हायला एवढं पुरतं. सांगोल्यात ताणावरची बाग दाखवणारा शेतकरी आणि गाओ दाखवणारा हा शेतकरी, दोघांनी मला जे पाच मिनिटांत सांगितलं ते मी कितीही प्रतिमा चाळून ओळखलं नसतं.

जाता जाता एक तांत्रिक गोष्ट, कारण तिच्यामुळे लोकांचे महिने वाया गेलेत. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची आवृत्ती बदलली आणि पिक्सेलच्या मूल्यांत १००० ची भर पडू लागली. २०२१ आणि २०२२ च्या प्रतिमा तशाच शेजारी ठेवल्यात, तर सगळं खंड एका रात्रीत उजळल्यासारखं दिसेल. ती भर वजा करा किंवा आधीच जुळवून घेतलेला संग्रह वापरा. लँडसॅट-७ वापरणार असाल तर ३१ मे २००३ नंतरच्या प्रत्येक प्रतिमेत रिकाम्या पट्ट्या आहेत, हेही ध्यानात असू द्या.

अल्गोरिदमबद्दल फारसं लिहायला नाही. रँडम फॉरेस्ट २००१ सालचं आहे आणि अजून उत्तम चालतं. वर्ल्डकव्हरने ग्रेडियंट बूस्टिंग हा दुसरा अल्गोरिदम वापरला. गूगल आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या 'डायनॅमिक वर्ल्ड'ने न्यूरल नेटवर्क वापरून एकेका प्रतिमेचा नकाशा काढला. चांगल्या नमुन्यांवर यांच्यात दोन-चार टक्क्यांचा फरक पडतो. वाईट नमुन्यांवर तिन्ही सारखीच फसतात. खंडासाठी एकच मॉडेल ठेवण्यापेक्षा हवामान आणि माती बघून विभाग पाडा. भारतात नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेने २० कृषी-परिस्थितिकी प्रदेश पाडलेत, सोलापूर त्यात दख्खनच्या उष्ण निमशुष्क प्रदेशात येतं; आफ्रिकेसाठीही असेच विभाग उपलब्ध आहेत. फक्त विभागांच्या सीमा एकमेकांवर थोड्या चढवा, नाहीतर नकाशात सरळ रेषेत रंग बदलतो. अशी रेषा दिसली की बघणाऱ्याचा बाकीच्या नकाशावरचाही विश्वास उडतो, आणि ते बरोबरच आहे.

नमुने किती? आकड्यापेक्षा ते कुठून आले हे विचारा. रस्त्याकडेचे, शहराजवळचे, मोठ्या शेतांचे नमुने सहज मिळतात. बिगर रस्त्याच्या भागातले, अर्ध्या एकराच्या तुकड्यांचे मिळत नाहीत, आणि नकाशा नेमका तिथंच चुकतो. शिकवणीचे नमुने तुम्ही हवे तिथून, अवघड जागा शोधून घ्या. तपासणीचे बिंदू मात्र चिठ्ठ्या टाकूनच निघाले पाहिजेत, त्यात हात घालायचा नाही. प्रत्येक बिंदू दोघांनी एकमेकांचं उत्तर न बघता वाचावा. जुळलं नाही तर तिसऱ्याने. त्या दोघांपैकी एक तरी त्या भागातला असावा. जास्त स्पष्ट प्रतिमेवर बिंदू वाचताना तिची तारीख नोंदवा, कारण २०१४ ची प्रतिमा बघून २०२१ चा नकाशा तपासलेला मी पाहिलाय. वाचनासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं 'कलेक्ट अर्थ' फुकट आहे. आपल्याकडे २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः फोटोसह पीक नोंदवतो. इतकी सोय आफ्रिकेत सगळीकडे मिळणार नाही, तेव्हा नमुन्यांचा खर्च सुरुवातीलाच मोठा धरा. माझा ठोकताळा असा, की एकूण वेळेतला निम्म्याहून जास्त वेळ वर्गांच्या व्याख्येवर आणि नमुन्यांवर गेला पाहिजे.

आता विश्वासाचा प्रश्न. जागतिक पातळीवर वर्ल्डकव्हरच्या २०२० च्या आवृत्तीची अचूकता ७४.४ टक्के आणि २०२१ च्या आवृत्तीची ७६.७ टक्के जाहीर झाली. तुमच्या ९२ पुढे हे कमी वाटेल, पण हे आकडे स्वतंत्र बिंदूंवर तपासून आलेत. हा चांगला नकाशा आहे. फक्त त्यातले पिक्सेल मोजून 'अमुक देशात इतकी शेती' असं सांगू नका. का, ते एका काल्पनिक हिशेबाने दाखवतो.

समजा एक प्रदेश १० हजार चौरस किलोमीटरचा. नकाशा म्हणतो ३,००० शेती, ७,००० बिगरशेती. शेती दाखवलेल्या भागात १०० बिंदू तपासले, ८० खरोखर शेती निघाले. बिगरशेतीत २०० तपासले, त्यांत १० शेती निघाले. म्हणजे ३,००० पैकी ८० टक्के, २,४००. आणि ७,००० पैकी ५ टक्के, ३५०. खरी शेती सुमारे २,७५०, नकाशाच्या ३,००० पेक्षा अडीचशेने कमी. आणि बिंदू थोडे असल्यामुळे या २,७५० लाही अधिक-उणे ३२० ची कड आहे, म्हणजे खरा आकडा एवढा इकडेतिकडे असू शकतो. एकूण अचूकता ९०.५ टक्के येते, ऐकायला छान. पण शेतीच्या आकड्यावर पाणीपट्टी, मदत किंवा आयात ठरणार असेल तर ही कड लिहूनच आकडा द्यायला हवा. नकाशा जागा दाखवतो, क्षेत्रफळ नमुन्यांतून येतं. माझ्याकडे येणाऱ्या अहवालांत हा फरक क्वचितच पाळलेला असतो, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं.

क्षेत्रफळाचा आणखी एक सापळा. अक्षांश-रेखांशाच्या जाळीतला पिक्सेल सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो जेवढा, त्याहून ट्युनिसच्या आसपास जवळपास वीस टक्के लहान. सांगोल्यापुरतं हे जाणवलं नाही, कारण तुम्ही मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणाच्या ४३ व्या पट्ट्यात काम केलंत. खंडावर काम करताना समक्षेत्र प्रक्षेपण, म्हणजे सगळीकडे क्षेत्रफळ खरं ठेवणारी नकाशाची मांडणी, घ्या, नाहीतर उत्तर आणि दक्षिण टोकाला आकडे फुगतील.

तुम्ही गटात दाखल झालात की पहिल्या महिन्यात कोड लिहू नका. वर्ल्डकव्हर, डायनॅमिक वर्ल्ड आणि युरोपीय संस्थेचा २० मीटरचा आफ्रिका नकाशा एकावर एक ठेवा. वर्ष सारखं नाही, व्याख्या सारख्या नाहीत हे धरूनच जिथं त्यांचं एकमत नाही त्या जागा वेगळ्या काढा. बहुतेक त्या तुम्हाला शेत आणि गवत यांच्या सीमेवर, सहेलमध्ये आणि फळबागांच्या पट्ट्यांत सापडतील. तिथले शंभर बिंदू स्वतः डोळ्यांनी वाचा आणि प्रत्येकाशेजारी एक ओळ लिहा: हे मला काय वाटतं आणि का. मग त्या देशातला सहकारी गाठून तेच बिंदू त्याला दाखवा, आणि त्याच्या भाषेत अशा जमिनीला काय म्हणतात ते विचारा. आपल्याकडे बरड, चोपण, मुरमाड, गायरान असे शब्द आहेत तसे तिकडेही असणार, आणि प्रत्येक शब्दात मातीची किंवा वापराची एक खूण दडलेली असते. वर्गांची यादी त्यानंतर बसवा.

सांगोल्याचे जुने पॉलिगॉनही टाकून देऊ नका. प्रत्येकाला शक्य असेल तर लागवडीचं वर्ष आणि बहार लिहून ठेवा. हे विचारायला एक फोन पुरतो, शेतकरी आनंदाने सांगतात. ताणावरच्या बागेचा वर्षभराचा आलेख तुमच्याकडे असा नोंदीसह असेल, तर मोरोक्कोत किंवा दक्षिण आफ्रिकेत छाटणी झालेली फळबाग उघडी जमीन म्हणून समोर आली की ती तुम्ही लगेच ओळखाल.